तण, पूर आणि क्र्वासाँ

गेल्या वर्षी उन्हाळ्याची सुट्टी सांगलीत काढून आम्ही फ्रान्समधे लियोंला परत आलो, त्याच आठवड्यातली गोष्ट. आमची बिल्डिंग जुनी आहे, लिफ्ट मागाहून कधीतरी जिन्याच्या मधल्या पोकळीत बसवलेली, त्यामुळे आत माणसं दोन आणि पिशवी एक एवढाच हिशोब. तिसऱ्या मजल्यावरच्या मादाम त्यांची ती चाकं लावलेली बाजाराची पिशवी घेऊन आधीच आत उभ्या होत्या, पिशवीतून लीकचा, त्या जाड कांद्याच्या पातीसारख्या भाजीचा, हिरवा तुरा बाहेर आलेला, त्याचा ओला मातकट वास लिफ्टभर. आम्ही मायलेकी कशाबशा आत शिरलो. त्यांनी लेकीकडे पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, सुट्टीत पोरगी भलतीच उंच झाली होती, पँटचे पाय घोट्याच्या वर गेलेले, आणि मग खळखळून हसत म्हणाल्या, "ओ ला ला, मोवेझ एर्ब क्र्वा तूझूर!" लेक लाजून हसली, मीपण हसले, तिसरा मजला आला, त्या उतरल्या. आणि घरात शिरून चपला काढता काढता ते वाक्य माझ्या डोक्यात उलगडलं. मोवेझ एर्ब म्हणजे वाईट गवत. तण. तण काय, वाढतच राहतं. माझ्या पोरीला तण म्हणाल्या?

राग आला असं नाही म्हणणार, पण टोचलं. परक्या देशात राहणाऱ्या माणसाची एक वाईट सवय असते, साध्या साध्या वाक्याच्या खाली आणखी काही दडलंय का ते तो चाचपून बघतो. तण म्हणजे न पेरता उगवलेलं, उपटून टाकायचं, दुसऱ्याच्या वाफ्यातलं. एवढं सगळं मी त्या एका हसण्यातून काढलं. नवरा म्हणाला, अगं म्हण असेल, म्हणी काय मनावर घेतेस. रात्री बघितलं तर म्हणच निघाली, चांगली जुनीपुराणी, भराभर उंच होणाऱ्या पोरांना कौतुकाने म्हणतात, आणि मोठ्या आजारातून उठलेल्या चिवट म्हाताऱ्यांनाही म्हणतात. दुसऱ्या दिवशी लॅबमधे विचारलं तर एक सहकारी म्हणाली, माझी आजी दर ऑगस्टला आम्हा सगळ्या नातवंडांना ओळीत उभं करून हेच म्हणायची.

मग मला माझी आजी आठवली. ती म्हणायची, पोरगी आणि उकिरडा, वाढताना दिसत नाहीत. आता काय बोलणार? तण परवडलं की. आमच्या वाड्यात कोणाची पोर बाळसं धरायला लागली की लगेच गालाला तीट, आणि तोंडाने "मेली कशी धटिंगण झालीये बघा". वाढ दिसली की तिला शिवी घालायची, म्हणजे दृष्ट लागत नाही. मादामना तीट माहीत असायचं कारण नाही, पण हेतू तोच असणार असं मला वाटतं. कौतुक सरळ केलं तर ते कोणीतरी ऐकेल ही भीती इकडेही होती की.

पण तणाचं झालं तरी त्या वाक्यातलं क्रियापद काही डोक्यातून जाईना. क्र्वात्र. वाढणे. पुण्यात फ्रेंच शिकत होते तेव्हा तक्त्यात पाठ केलेलं, परीक्षेत आलेलं, आणि त्यानंतर इतकी वर्षं इथे राहून, रोज फ्रेंचमधे नोकरी करून, भांडून, पोरीच्या शाळेतल्या मीटिंगा करून मी ते कोणाच्या तोंडून कधी ऐकलंच नव्हतं.

बोलताना हे क्रियापद कोणी वापरतच नाही.

म्हणजे वाढत नाहीत का इथे गोष्टी? वाढतात, पण प्रत्येकीचं क्रियापद वेगळं. केस, दात, नखं, टोमॅटो हे "पूसे" करतात. पोरं "ग्राँदिर" होतात, म्हणजे मोठी होतात. पोट "ग्रोसिर" होतं. भाडं, पगार आणि विजेचं बिल "ओगमाँते" होतं, नदीचं पाणी आणि ताप "मोंते" होतो, चढतो. आपल्याकडे बघा, केस वाढले, पोरगी वाढली, भाडं वाढलं, पाणी वाढलं, बीपी वाढलं, वय वाढलं, एकच शब्द सगळीकडे, शिवाय पानात भात वाढायचा तोही याच शब्दाने, वाढदिवस याच शब्दाचा, आणि बांगडी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, बांगडी वाढवली म्हणायचं, नारळसुद्धा देवापुढे फोडत नाहीत, वाढवतात. मला कधीकधी वाटतं आपण या एका शब्दाला फारच राबवलंय. फ्रेंचांनी उलटं केलं, कामं सगळी दुसऱ्यांना वाटून दिली आणि मूळ क्रियापद पुस्तकात नेऊन ठेवलं. वनस्पतिशास्त्राच्या धड्यात झाड "क्र्वा", बायबलच्या जुन्या फ्रेंच भाषांतरात देव सांगतो "क्र्वासे ए म्युल्तिप्लिये", वाढा आणि बहुगुणित व्हा, सरकारी अहवालात गरजा "क्र्वास" होतात. आणि म्हणीत तण. बाजारात, बसमधे, स्वैपाकघरात कुठेच नाही.

मी मायक्रोबायॉलॉजीवाली आहे, त्यामुळे वाढ हा माझा रोजचा धंदा. सकाळी आल्याआल्या इन्क्युबेटरचं दार उघडायचं, सदतीस डिग्रीची ती उबदार हवा तोंडावर येते, आगारचा, म्हणजे जिवाणू वाढवायच्या जेलीचा, आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्टचा तो मांसाच्या सूपसारखा वास, तो इतक्या वर्षांत आवडायलाही लागलाय, आणि मग पेट्री डिश उजेडात तिरक्या धरून बघायच्या. सांगलीला विलिंग्डन कॉलेजात आम्ही विचारायचो, "ग्रोथ आली का?" मराठीत अख्खं वाक्य, पण ग्रोथ इंग्रजी, वाढ कोणी म्हणायचं नाही, वाढ म्हटलं असतं तर सर हसले असते. इथे माझी सहकारी प्लेट बघून म्हणते, "सा पूस!" म्हणजे उगवतंय, फुटतंय. आणि तीच बाई दुपारी रिपोर्ट लिहायला बसली की लिहिते "क्र्वासाँस बाक्तेरिएन", जिवाणूंची वाढ. तोंडात एक, कागदावर दुसरं. दोन्ही ठिकाणी खरा मूळ शब्द बाजूलाच, त्याचं नाम तेवढं रिपोर्टात येतं.

हे पूसे मला फार आवडतं, खरं सांगायचं तर. लॅटिनच्या पुल्सारे पासून आलंय, ढकलणे. दुकानाच्या काचेच्या दारावर लिहिलेलं असतं तेच, पूसे, ढकला. रोप माती ढकलून वर येतं म्हणून ते पूसे. दात हिरडी ढकलतो म्हणून तोही. पोरगी इथल्याच हॉस्पिटलात झाली, आणि त्या रात्रीचं माझ्या कानात जे काही उरलंय त्यात सगळ्यात जास्त हाच शब्द आहे, सुईण माझ्या गुडघ्यावर हात ठेवून ओरडत होती, "पूसे, मादाम, पूसे, आंकोर!" निळा दिवा, जंतुनाशकाचा वास, घशाला कोरड, आणि ढकल ढकल ढकल. मग काही महिन्यांनी पाळणाघरातली बाई सांगते की दात येतायत, "से दाँ पूस", आणि मी उगाचच अंग आवळून घेते. मराठीत दात "येतात", पाहुण्यासारखे, घाम न गाळता. इथे येताना ढकलून येतात. हे त्या सुईणीच्या शब्दाशी इतकं नीट जुळलं की पुढे कितीतरी दिवस कुंडीतल्या कोथिंबिरीला कोंब आला तरी मला ते तिथल्या आवाजात ऐकू यायचं.

असो. क्र्वात्र.

मूळ लॅटिन क्रेस्केरे. त्यातला तो मधला "स्क" फार गमतीचा आहे, लॅटिनमधे तो लावला की क्रिया नुकती सुरू झालीये, हळूहळू चाललीये असा अर्थ येतो, म्हणजे वाढलं नाही, वाढायला लागलंय. धान्याची देवी सेरेस त्याच मुळातली आणि निर्मिती करणं हा क्रिएट सुद्धा त्याच घरातला. शेकडो वर्षं बोलता बोलता क्रेस्केरे चुरगळत गेलं, मधला स्वर गळाला, स आणि र एकमेकांवर आपटायला लागले तर जिभेने सोयीसाठी मधे एक त घुसवला, झालं क्रेइस्त्र, मग क्र्वास्त्र, मग बोलण्यातला स गेला पण लिहिण्यात तसाच बसून राहिला. १७४० मधे फ्रेंच अकादमीच्या शब्दकोशाच्या तिसऱ्या आवृत्तीत असे न बोलले जाणारे पुष्कळ स काढून टाकले आणि त्यांच्या जागी आधीच्या स्वराच्या डोक्यावर टोपी घातली, तो सिर्कोंफ्लेक्स. म्हणजे त्या शब्दातल्या आयवर जी टोपी दिसते ती गेलेल्या स ची.

आणि या टोपीनेच त्याचा घात केला असं माझं मत आहे. कारण विश्वास ठेवणे, वाटणे यासाठी फ्रेंचमधे "क्र्वार" आहे, आणि ते तर दर दोन वाक्यांमागे लागतं. मला वाटतं, "झ क्र्वा". मी वाढते, तेही "झ क्र्वा". उच्चार हुबेहूब, लिहिताना फक्त टोपीचा फरक, आणि टोपी कानाला दिसत नाही. भूतकाळात तर आणखी मजा, वाढलेला, विश्वास ठेवलेला, आणि शिवाय कच्चा, म्हणजे न शिजवलेला, तिघेही "क्र्यू". आता सांगा, कुठल्या माणसाला हे वापरायचं धाडस होईल, त्यापेक्षा पूसे आणि ग्राँदिर बरे. १९९० मधे स्पेलिंगच्या सुधारणा आल्या तेव्हा आय आणि यूवरच्या बहुतेक टोप्या ऐच्छिक झाल्या, पण मोजक्या शब्दांची टोपी ठेवावीच लागली, त्यात याच्या रूपांची ठेवली, कारण काढली तर ते थेट विश्वासात मिसळून जाईल. त्याचीच जोड-रूपं, भर घालणे आणि घटणे, त्यांनी टोपी काढली तरी चालते, त्यांची गफलत कोणाशी होत नाही. २०१६ मधे शाळेच्या पुस्तकात या सुधारणा येणार म्हटल्यावर लोकांनी सोशल मीडियावर "मी सिर्कोंफ्लेक्स आहे" असा हॅशटॅग चालवला, जणू कोणी मारून टाकलंय. मला तेव्हा हसू आलं होतं. नंतर आठवलं की आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घावरून होणारी भांडणं यापेक्षा काही फार प्रौढ नसतात.

तर हे क्रियापद म्हणजे गावाकडच्या वाड्यात एकटीच उरलेली आजी आहे, जिची पोरं जगभर पसरलीयत आणि चांगली नाव काढून आहेत. पोरं मोजायला बसलं तर संपत नाहीत. सैन्यात नवा भरती झालेला तो "रक्र्यू", म्हणजे पुन्हा वाढलेली कुमक, त्यावरून इंग्रजी रिक्रूट. रासीनसारखा मोठा नाटककार मुलाला पत्र लिहून दटावतो की भरतीसाठीचं ते क्रियापद वापरू नकोस, ते हॉलंडच्या वर्तमानपत्रांतलं आहे, आपलं फ्रेंच नव्हे. आज कंपन्यांची एचआर डिपार्टमेंटं त्या शब्दावर जगतात. जहाजावरचा क्रू त्याच घरातला, इन्क्रीज त्याच घरातला, काँक्रीटसुद्धा, एकत्र वाढून घट्ट झालेलं ते काँक्रीट. लियोंच्या उत्तरेला बोजोलेचे डोंगर आहेत, तिथल्या वाइनीचे दहा "क्र्यू" आहेत, मोर्गों, फ्लरी, मुलँ-आ-वाँ वगैरे, तो क्र्यू म्हणजे या मातीत वाढलेला. आणि एखाद्याने गोष्ट मनाने रचून सांगितली की इथे म्हणतात, ही "द सों क्र्यू", त्याच्या स्वतःच्या मळ्यातली.

आणि क्र्वासाँ. त्याचा अर्थ फक्त "वाढणारा", बस. वाढणारा चंद्र, त्यावरून कोर, कोरीवरून पाव. १६८३ मधे व्हिएन्नाला तुर्कांचा वेढा पडला आणि बेकऱ्यांनी विजयाची आठवण म्हणून कोरीच्या आकाराचा पाव केला ही गोष्ट सगळे सांगतात, ती दंतकथा आहे. पण पाव व्हिएन्नाकडून आला हे खरं, १८३० च्या दशकाच्या शेवटी ऑगस्ट झांग नावाच्या ऑस्ट्रियन माणसाने पॅरिसमधे व्हिएन्ना पद्धतीची बेकरी काढली आणि तिथे किप्फेर्ल हा कोरीच्या आकाराचा पाव विकायला लागला, त्याचंच फ्रेंच बारसं क्र्वासाँ. पदर सुटणारा आजचा क्र्वासाँ बराच नंतरचा. गंमत म्हणजे बेकरीत आज जो लोण्याचा चांगला क्र्वासाँ मिळतो तो बहुतेक सरळ असतो, कोरीसारखा वाकडा असतो तो स्वस्तातला, मार्जरीनचा. म्हणजे नावाला जागणारा तो दुय्यम. आणि पीठ फुगायला ठेवतात त्या कपाटाला बेकर म्हणतात "शाँब्र द पूस". वाढणाऱ्याच्या नावाचा पाव, पण तो स्वतः वाढतो तेव्हा क्र्वात्र नाही, पूसेच. सकाळी लवकर लॅबला जाताना कोपऱ्यावरच्या बेकरीच्या तळघराच्या जाळीतून तो गरम लोण्याचा वास येतो ना, तेव्हा व्याकरण वगैरे काही सुचत नाही, हे पण खरंय.

आकाशातल्या कोरीचं मात्र मला फार दिवस कुतूहल होतं. फ्रेंच पोरांना शाळेत शिकवतात की चंद्राच्या कोरीला उभी दांडी जोडून छोटा पी होत असेल तर तो प्रम्ये, पहिला, वाढता, आणि छोटा डी होत असेल तर देर्न्ये, शेवटचा, उतरता. पण त्या उतरत्या कोरीलाही नाव "देर्न्ये क्र्वासाँ", शेवटचा वाढणारा! कमी होतोय तरी वाढणाराच. लेकीला हे सांगताना मला शाळेत पाठ केलेली मुद्रा आठवली, प्रतिपच्चंद्रलेखेव वर्धिष्णुर्विश्ववंदिता. प्रतिपदेच्या चंद्राच्या रेघेसारखी वाढत जाणारी. वर्धिष्णु. शिवाजी महाराजांच्या मुद्रेतला हा शब्द जसाच्या तसा फ्रेंचमधे करायचा झाला तर काय होईल? क्र्वासाँत. मी हे नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, कृपा कर आणि हे फेसबुकवर टाकू नकोस. टाकलं नाही. इथे लिहितेय.

आपलं वाढणं आणि ते वर्धिष्णु एकाच धातूचे, वृध्, वर्धते, प्राकृतात वड्ढइ, मग वाढे. आणि याच धातूचं भूतकाळी रूप, म्हणजे "वाढलेला", ते काय आहे माहितीये? वृद्ध. फ्रेंचांनी आपल्या "वाढलेल्या"ची वाइन केली, आपण म्हातारा केला. हे लक्षात आलं तेव्हा मी ट्रॅममधे होते आणि मला एकदम बाबांचे पाय दिसले, सुट्टीत ओट्यावर बसून पँट वर करून नखं काढत होते ते, पोटऱ्या किती बारीक झाल्यायत, कातडी सैल. वृद्ध म्हणजे वाढून झालेला हे व्याकरणात ठीक आहे. लेकीची पँट आखूड झाली आणि बाबांची ढगळ, एकाच सुट्टीत. लेकीची वाढ तरी कागदावर असते, इथे प्रत्येक पोराला जन्मल्यावर "कार्ने द सांते" मिळतं, आरोग्याची वही, तिच्यात "कुर्ब द क्र्वासाँस", वाढीच्या वक्ररेषा छापलेल्या, डॉक्टर पेनाने टिंब काढतात आणि म्हणतात, छान, आपल्या रेषेवर आहे. बाबांच्या टिंबांची वही कोण ठेवतं?

या घराण्यातला मला सगळ्यात जवळचा शब्द मात्र "क्र्यू", स्त्रीलिंगी. वाढलेली. म्हणजे नदी. म्हणजे पूर. सांगलीच्या माणसाला हे समजवायला लागत नाही. आम्ही पूर आला असं फार उशिरा म्हणतो, आधी कितीतरी वेळ नुसतं "पाणी वाढतंय" म्हणतो. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५, हे आमच्याकडे पोरांना पाढ्यांबरोबर येतं. २०१९ च्या ऑगस्टमधे मी इथे होते आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, आईबाबा वरच्या मजल्यावर, फोनची बॅटरी वाचवायची म्हणून आई एकच वाक्य बोलून ठेवायची, "वाढतंय अजून." काय वाढतंय ते बोलायची गरजच नव्हती. मी इथल्या सॉन नदीच्या काठाने घरी यायचे, ती उन्हाळ्यात निवांत हिरवी असते, आणि डोक्यात तेच, वाढतंय अजून. इथे नद्यांचं पाणी बघायला "विजिक्र्यू" नावाची सरकारी साइट आहे, हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल असे रंग. सॉनचा सगळ्यात मोठा पूर १८४० च्या नोव्हेंबरातला, शहरात भिंतींवर त्याच्या पाण्याच्या खुणा कोरून ठेवल्यायत, चालता चालता दिसतात, आपल्या डोक्याच्या वर. अशी खूण दिसली की मी थांबते, हात लावून बघते, लोकांना वाटत असेल टूरिस्ट आहे. पूर ओसरला की फ्रेंचमधे त्याला "देक्र्यू" म्हणतात, उलटं वाढलेली. त्या वर्षी आईचा जो फोन आला त्यात ती म्हणाली होती, "उतरतंय. चिखल लई झालाय." बस. गादीतल्या चिखलाचा वास मला फोनवरून आला, खोटं नाही सांगत.

बातम्यांमधे मात्र या घराण्यातला एकच शब्द चालतो, क्र्वासाँस, अर्थव्यवस्थेची वाढ. दर तिमाहीला दशांशात येते आणि नाही आली तर "ऋण वाढ" म्हणतात, चेहरा सरळ ठेवून. यावर चिडलेले लोकही इथलेच, "देक्र्वासाँस" म्हणजे वाढ थांबवा, कमी करा असं सांगणारे. आंद्रे गॉर्झ या विचारवंताने १९७२ मधे हा शब्द या अर्थाने वापरला आणि त्याच नावाचं एक मासिक २००४ पासून आमच्या लियोंमधूनच निघतं. शब्द त्यांनी नवा केला नव्हता, चंद्राकडून आणि नदीकडून उचलला. मला त्यांचं सगळं पटतं असं नाही. सांगलीत वाढलेल्या माणसाला, जिथे सिंचन वाढलं म्हणून ऊस वाढला, ऊस वाढला म्हणून कारखाने आणि कॉलेजं वाढली आणि त्या कॉलेजात मी शिकले, त्याला वाढ वाईट म्हणताना तोंडात जड होतं. आणि तरी नदीकाठी जे बांधकाम वाढलं ते पण त्याच वाढीतलं. लॅबमधला कर्व्ह बघा, आधी सुस्ती, मग झपाट्याने चढ, मग सपाट, मग उतार, पेट्री डिशमधे तरी याला अपवाद मी बघितलेला नाही. पण माणसांना पेट्री डिशचे नियम लावणारे लोक मला पार्टीत भेटले की मी चीज घ्यायला उठते.

डिसेंबरात इथे सकाळी आठ वाजून गेले तरी काळोख आणि संध्याकाळी पाचच्या आत पुन्हा काळोख, माणूस नुसता दिव्यांवर जगतो. अशात लेकीने शाळेतून एक म्हण आणली. "आ ला सँत ल्यूस, ले झूर क्र्वास द्यू सो द्यून प्यूस." १३ डिसेंबर, संत ल्युसीचा दिवस, त्या दिवसापासून दिवस पिसवेच्या उडीएवढा वाढतो. पुन्हा तेच क्रियापद, पुन्हा म्हणीत! मला इतका आनंद झाला की तिला वाटलं आईला बरं नाही. खरं तर हिशोब चुकीचा आहे, सगळ्यात लहान दिवस २१-२२ डिसेंबरला असतो. पण म्हण जुन्या ज्युलियन कॅलेंडरातली, तेव्हा ते कॅलेंडर दहा दिवस घसरलेलं होतं आणि संत ल्युसी बरोबर त्या सुमाराला यायची. १५८२ मधे फ्रान्सने ते दहा दिवस काढून टाकले, ९ डिसेंबरनंतर थेट २० डिसेंबर आला. म्हणजे त्या वर्षी इथे संत ल्युसीचा दिवस झालाच नाही. कॅलेंडर दुरुस्त झालं, म्हण कोणी दुरुस्त केली नाही. आपलं काय वेगळं आहे, संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो म्हणतो, आणि तो तर त्याच्या तीन आठवडे आधीपासून वाढत असतो.

हे सगळं लेकीला मी समजावून सांगितलं होतं, त्यामुळे जानेवारीत संक्रांतीला आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा ती तयारीतच होती. आईने तिळाच्या वड्यांचं ताट कॅमेऱ्याला चिकटवलं, आम्हाला फक्त धुरकट पांढरं काहीतरी दिसलं, आणि म्हणाली, "बाळा, आजपासून दिवस तिळातिळानं वाढणार बघ." लेक म्हणाली, "नाही आजी, आमच्याकडे तेरा डिसेंबरपासूनच वाढतोय, पिसवेच्या उडीने." आईने ताट खाली ठेवलं.

"पिसवांनी मोजतात होय तिकडं?" ती म्हणाली. "आमचा तीळ निदान खाता तरी येतो."